पुस्तकाचा कौल

"तो परत येता काय नाय, तेवढा सांग," सगुणा म्हणाली.

शुक्रवारची सकाळ होती. काजूच्या कारखान्याचा भोंगा अजून व्हायचा होता. मी भट्टीत टरफलं सारत होतो आणि ती दारात उभी होती, आत न येता. तिची बोटं नेहमीप्रमाणे काळी होती. काजूचं तेल एकदा कातडीत शिरलं की लग्नाची हळदसुद्धा त्यावर धड दिसत नाही.

"कोण येता?" मी विचारलं, मला माहीत असून.

"कोण म्हणजे? तुझ्या पुस्तकातलो."

"उद्या शेवट वाचतलंय. तेव्हा ऐक."

"उद्या ऐकतलंयच. पण माका आज होया."

ती असं का विचारते आहे ते मला लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच मी तिच्याकडे बघायचं टाळलं. फावड्याने निखारे उगाच इकडचे तिकडे केले.

ही गोष्ट १९७८ सालची. मी सव्वीस वर्षांचा होतो. सातवी झाल्यावर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर आईचं आणि माझं कधी एकमत झालं नाही. इंग्रजी मी एका शब्दकोशातून शिकलो. भट्टीवर बसून, एकेक शब्द चणा चावावा तसा चावून. मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे अमुक पुस्तक तुझ्यासाठी नाही हेही कुणी सांगितलं नाही. वेंगुर्ल्यात रद्दीवाल्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. पुठ्ठा गेलेला, पहिली चाळीस पानं गेलेली. आत अमेरिकेतल्या जुन्या कविता होत्या. त्यातली एक साठ पानांची. गोष्टच होती ती, पण ओळीओळींनी सांगितलेली.

जेवणाच्या सुट्टीत बायका पेजेचे डबे उघडायच्या आणि मी ती कविता वाचायचो. आधी इंग्रजीत, कारण त्यांना तो आवाज आवडायचा. मग आमच्या मालवणीत. तीन आठवडे हे चाललं होतं.

गोष्ट साधी होती. थंड मुलुखातली एक मोठी नदी. तिच्या काठी एक म्हातारा नावाडी आणि त्याची मुलगी हॅना. जंगलातून लाकडाचे ओंडके बांधून नदीतून खाली नेणारे तराफेवाले असतात, त्यातला एक जोएल. त्यांचं जमतं. वसंतात तो तराफा घेऊन खाली जातो आणि म्हणतो, नदी गोठायच्या आत येईन. नदी गोठते. तो येत नाही. बर्फ वितळल्यावर हॅना रोज संध्याकाळी होडी मधल्या प्रवाहापर्यंत नेते, खालच्या वळणाकडे बघते आणि परत आणते. अशी तीन वर्षं.

त्या नदीचं नाव मला नीट उच्चारता यायचं नाही. भागूमावशीने तिला आमची गडनदी करून टाकलं. भागूमावशी म्हणजे कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई, तोंडाची तिखट. हॅनाला ती नुसतं 'ता चेडू', म्हणजे ती पोर, म्हणायची. एकदा तिने मला मधेच थांबवलं. "मेल्या, तुझ्या अमेरिकेत भात नाय, मासो नाय. मगे ता चेडू तीन वर्सा काय खावन वाट बघता?" सगळ्या हसल्या. सगुणा हसली नाही.

कारण तिचीही तीच कथा होती. जनार्दन कुबल, आम्ही त्याला जनू म्हणायचो, मुंबईहून मालाच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. सगुणाला सांगून गेला होता की आल्यावर तुझ्या घरी माणसं पाठवतो. सुरुवातीला पत्रं आली, कुठल्या कुठल्या बंदरांचे शिक्के असलेली. मग चौदा महिने काही नाही. दरम्यान कुडाळच्या परुळेकरांचं स्थळ आलं. किराणा दुकान, वय अडतीस, पहिली बायको गेलेली. सगुणाच्या भावाला ते पसंत होतं. रविवारी परुळेकरांची माणसं उत्तर घ्यायला येणार होती.

"आवस म्हणता देवाक कौल लावया," सगुणा दारातून म्हणाली. "पण गुरव परुळेकरांचो पावणो. कौल खंय पडतलो ता माका आताच ठावक आसा."

आमच्याकडे कुठलीही मोठी गोष्ट देवाला विचारून करतात. पाषाणाच्या अंगावर पाण्याने कळे, म्हणजे फुलांच्या पाकळ्या, चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडचा पडला तर हो, डावीकडचा पडला तर नाही. मी या प्रकाराविरुद्ध कारखान्यात रोज ओरडायचो. दगडाला काय कळतं, गुरव पाणी कमीजास्त लावतो, तुम्ही बायका आयुष्यं एका पाकळीला टांगता, असं बरंच काही. आणि त्या भाषणाच्या शेवटी टाळीसाठी एक वाक्य फेकायचो: दगडाला विचारू नका, पुस्तकाला विचारा.

"तूच म्हणतंस ना, पुस्तकाक विचारा," सगुणा म्हणाली. "मगे विचारतंय. ता चेडू वाट बघता, मी वाट बघतंय. तिचो इलो तर माझो येतलो, मी थांबतलंय, भाव काय म्हणता ता म्हणू दे. तिचो नाय इलो तर आयतवारी होय म्हणतलंय."

मी तेव्हाच तिला सांगायला हवं होतं की बाई, पुस्तक असं वापरत नाहीत. पण खरं सांगतो, मला ते आवडलं. देवळातला दगड सोडून ती माझ्याकडे आली होती. त्या क्षणी माझी छाती जी फुगली, तिची लाज मला आज बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

"उद्या," मी म्हणालो. भोंगा झाला आणि ती गेली.

संध्याकाळी घरी गेलो तर आई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. वर्षातला तो ठरलेला दिवस होता. दर वर्षी त्या दिवशी ती देवळात जाऊन कौल घ्यायची. प्रश्न एकच. माझा बाप मी सात वर्षांचा असताना मुंबईला गिरणीत गेला आणि परत आला नाही. तो येईल का? एकोणीस वर्षं कौल उजवाच पडत होता. येईल. एकोणीस वर्षं ती त्या एका पाकळीवर जगत होती. माहेरचे दोनदा न्यायला आले, ती गेली नाही. तो आला नि घर बंद दिसलं तर, म्हणायची.

मी तिच्याबरोबर गेलो. गुरवाने कळे लावले. उजवा पडला. आई हसली, आणि तिच्या तोंडात दात किती कमी उरलेत ते मला दिसलं. मला देवावर राग आला नाही, देव नव्हताच. मला राग आला वाट बघण्याचा. जगातल्या सगळ्या बायकांना कुठल्या तरी नदीच्या, समुद्राच्या, स्टेशनच्या काठावर उभं करून निघून जाणाऱ्या पुरुषांचा, आणि त्यावर गोड ओळी रचणाऱ्या कवींचा.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडलं. सगुणाने डबा उघडला नव्हता. ती माझ्या अगदी समोर बसली होती, काळी बोटं मांडीवर ठेवून.

मी इंग्रजी आधी वाचलं, सावकाश. आवाज चांगला लागला होता. मग मालवणीत सांगायला लागलो. तिसरा हिवाळा सरतो. बर्फ फुटायला लागतं. एक दिवस खालच्या गावाहून एक फेरीवाला येतो, तो हॅनाला सांगतो की तुझा जोएल मी पाहिला, दक्षिणेत एका गावात, त्याचं लग्न झालंय, त्याला दोन पोरं आहेत. हॅना होडी नदीत ढकलते. त्या संध्याकाळी ती मधल्या प्रवाहापर्यंत जाते, पण खालच्या वळणाकडे बघत नाही. परत येते, वल्ही घरात नेऊन ठेवते आणि पुन्हा कधी तिथे जात नाही. संपलं.

भागूमावशीने नाक ओढलं आणि जोएलला अशी एक शिवी दिली की अमेरिकेपर्यंत जावी. कुणीतरी म्हणालं, दादले सगळे सारखेच, गोरे काय नि काळे काय.

सगुणा उठली. नळावर गेली, राखेने हात घासले. त्या राखेने तो रंग जात नाही हे तिला दहा वर्षं माहीत होतं, तरी घासत राहिली. मग पदराला हात पुसून माझ्याजवळ आली.

"बरा झाला कळला ता," म्हणाली.

रविवारी तिने हो म्हटलं. वैशाखात लग्न झालं. मी जेवायला गेलो होतो, आणि पंगतीत एकजण मला म्हणाला की कारखान्यात तुमच्या पुस्तकानेच म्हणे मुलीला मार्ग दाखवला. मी मान हलवली. जिलबी खाल्ली. त्या दिवसांत मी स्वतःला फार मोठा समजत होतो. एका बाईला मी त्या काठावरून उठवलं होतं, जे काम एकोणीस वर्षांत माझ्या आईसाठी कुणी केलं नव्हतं.

गणपतीच्या आधी आठ दिवस जनू आला.

तो थेट कारखान्याच्या फाटकावर आला. वाळला होता, दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी सदरा. त्यांची बोट परदेशातल्या एका बंदरात अडकली होती. मालक गायब, पगार नाही, खलाशांना उतरायची परवानगी नाही. दीड वर्ष ते लोखंडावर बसून होते. पत्रं लिहिली ती कप्तानाकडे दिली, कप्तानाने काय केली कुणास ठाऊक. हे सगळं त्याने बायकांना सांगितलं आणि बायकांनी त्याला त्यांच्याकडचं सांगितलं. मग तो भट्टीपाशी आला.

मला वाटलं होतं तो मारेल. मी फावडं बाजूला ठेवलं, म्हटलं मारू दे. पण त्याने आवाजसुद्धा चढवला नाही.

"ता पुस्तक माका दाखव," म्हणाला.

मी पिशवीतून काढून दिलं. जनू चौथी शिकलेला. इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. तरी त्याने मी दाखवलेली ती साठ पानं एकेक करून उलटली. कुठे काही चित्र वगैरे सापडेल असं त्याला वाटत असावं. शेवटच्या पानावर बोट ठेवून त्याने विचारलं, "हेच्यात माझ्याबद्दल काय लिवलेला आसा?"

"तुझ्याबद्दल काय नाय, जनू."

"मगे ती कित्या गेली?"

त्याचं बोट ज्या ओळीवर होतं ती ओळ मला पाठ होती. त्या ओळीत फेरीवाला नव्हता. दक्षिणेतलं गाव नव्हतं, लग्न नव्हतं, पोरं नव्हती. ते सगळं मी घातलं होतं. शनिवारी, बायकांसमोर, पुस्तक हातात धरून, पान उलटत उलटत. इंग्रजी मी खरं वाचलं होतं, अक्षर न गाळता. मालवणीत मी खोटं बोललो होतो. तिथे दोन्ही कळणारा माणूस एकटा मीच होतो.

पुस्तकातला जोएल परत येतो.

हे मी जनूला सांगितलं नाही. पुस्तक परत घेतलं, पिशवीत ठेवलं. तो चवथीची आरतीसुद्धा न करता मुंबईला गेला आणि पुन्हा बोटीवर चढला असं ऐकलं.

मी दोन महिने काढले. स्वतःशी वाद घातला. मी वाद घालण्यात पटाईत आहे, तेव्हाही होतो. म्हणायचो, कवितेतला जोएल आला तरी उशिरा आला, हॅना तोवर तापाने गेलेली होती. म्हणजे खरा शेवट सांगितला असता तर काय मोठं भलं झालं असतं? म्हणायचो, मी तिला मरणातून काढलं. म्हणायचो, आई बघ. पण जनूचं ते पानावर फिरणारं बोट काही केल्या जाईना. दिवाळीनंतर एका दुपारी मी पुस्तक घेऊन कुडाळची एस.टी. पकडली.

परुळेकर माल आणायला बेळगावला गेले होते. सगुणा दुकानात बसली होती, मागे डब्यांची भिंत आणि पुढे तराजू. मला बघून तिला आनंद झाला, हे सगळ्यात वाईट. कारखान्याची, भागूमावशीची चौकशी केली. नवरा चांगला आहे म्हणाली, हात उगारत नाही, विचारून वागतो. परुळेकर वाईट माणूस असता तर मला बरं झालं असतं. मग निदान ओरडायला कुणीतरी मिळालं असतं.

चहा नको म्हटलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. फेरीवाला मी घातला. तो येतो. पुस्तकात तो येतो.

ती मसूरडाळ पुडीत बांधत होती. पुडी बांधून झाली, दोरा तोडला, मगच मान वर केली.

"आणि ता चेडू?"

"ती तोवर मेलेली असता."

"हं."

"सगुणा, मी तुका वाचवूक बघलंय."

"मी सांगलेलंय तुका, माका वाचव म्हणान?"

मी पुस्तकाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ती म्हणाली, आणि आवाज अजिबात चढवला नाही, "देवान खोटो कौल दिल्यान असतो, तर देवाक शिव्या तरी घातल्या असत्या. तुका काय घालू?"

एक गिऱ्हाईक आलं, गूळ घेऊन गेलं. तिने गल्ल्यात सुट्टे टाकले. जनू येऊन गेल्याचं तिला कळलं असणार; तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कुडाळ काही अमेरिका नव्हे.

"पुस्तक हाडलंस?" तिने विचारलं.

"हाडलंय."

"मगे वाच. जा आसा ताच. तुझा काय घालू नको."

मी पायरीवर बसलो आणि वाचलं. आयुष्यात मी इतकं वाईट कधी वाचलेलं नाही. गिऱ्हाईक आलं की थांबायचो, गेलं की ती म्हणायची, पुढे. तिसरा हिवाळा. हॅनाला ताप भरतो. ती जाते आणि गोठलेली जमीन खणता येत नाही म्हणून तिला बर्फ वितळेपर्यंत कोठारात ठेवतात. इकडे जोएल, ओंडक्यांखाली त्याचा पाय चिरडलेला, दूरच्या गावी गरिबांच्या दवाखान्यात दोन वर्षं पडून, लिहिता न येणारा, कुबडी घेऊन नदीच्या काठाकाठाने चालत निघालेला असतो. बर्फ फुटतं त्या दिवशी तो पलीकडच्या काठावर पोचतो आणि होडीसाठी हाक मारतो. हॅनाचा बाप होडी घेऊन जातो. त्याला चढवतो. वल्हवायला लागतो. सगळी नदी पार होईपर्यंत जोएल बोलत असतो. तिला काय सांगणार, कुठे घर बांधणार, पाय असा झाला म्हणून ती रागावेल का. म्हातारा वल्हवत राहतो. दोन पानं नुसती नदी आहे आणि जोएलचं बोलणं. काठ लागतो. म्हातारा होडी बांधतो, आणि तिथे कविता संपते. त्याने सांगितलं, जोएल रडला, असं काही नाही. दोर खुंटाला बांधला, एवढंच.

मला ही कविता पाठ होती आणि मला हे शेवटचं पान कधीच आवडलं नव्हतं. मला वाटायचं कवीला शेवट करता आला नाही.

सगुणा तराजूच्या रिकाम्या पारड्याकडे बघत होती. तिच्या हाताचा काळा रंग थोडा उतरला होता, नखांच्या कडेला तेवढा राहिला होता.

"तो म्हातारो बघ," ती म्हणाली. "त्याका सगळा ठावक होता. तरी काठ येयपर्यंत तोंड उघडूक नाय. पोराक तेवढी नदी दिल्यान. पण खोटा बोलूक नाय हां तो. गप रवलो."

मी पुस्तक मिटलं.

"तुका तेवढाच करूचा होता, लवू."

मग ती उठली, आत गेली आणि माझ्यासाठी मी नको म्हटलेला चहा घेऊन आली. मी तो प्यायलो. जाताना तिने एवढंच सांगितलं की पुन्हा येऊ नको, मी नवऱ्याला काय सांगू, कोण म्हणून. मी पुन्हा गेलो नाही.

कारखाना सुटला, मी लिहायला लागलो, पुस्तकं झाली, माझ्या शिव्याशापांना लोक शैली म्हणायला लागले. पंधरा वर्षांपूर्वी एका मासिकाने परदेशी कवितेवर लेख मागितला. मी त्या नदीच्या कवितेवर लिहिला. तो माझा सगळ्यात गाजलेला लेख. कॉलेजात शिकवतात, त्यावर मुलं परीक्षेत उत्तरं लिहितात. त्यातली सगळ्यांना आवडणारी जागा शेवटाकडे आहे: म्हातारा खोटं बोलत नाही, तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यात तो त्या पोराला एक अख्खी नदी देतो. सभांमधून लोक मला विचारतात, हे तुम्हाला सुचलं कसं.

मी सांगतो, शब्दकोश घेऊन एकट्याने वाचलं की सुचतं. टाळ्या पडतात. लेखाखाली नाव माझं एकट्याचं आहे.